वाचून दाखवले, मान्य आहे

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवरा होता तोवर त्याला नाही, आणि तो गेल्यावर त्याच्या फोटोलाही नाही. रोज सकाळी देवापुढं बसते, पण मनात हा विषय यायला लागला की पटापट आरती उरकते आणि उठते. तुम्ही म्हणाल, मग आम्हालाच का सांगतेस बाई? खरं सांगू? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून. ओळखीच्या माणसाला सांगायचं तर सांगून झाल्यावर त्याचं तोंड बघावं लागतं.

मी बारामतीत राहते. दोन खोल्यांचा फ्लॅट आहे, मूलबाळ नाही. एमआयडीसीतल्या एका कारखान्यात नोकरी केली, आता घरीच असते. शेजारी चांगले आहेत, कुणाकडं काही केलं की वाटी येते. वाटी परत देताना चार शब्द बोलले जातात, तेवढंच काय ते दिवसाचं बोलणं. तक्रार करत नाहीये हं. माणसं तुटली ती आपणहून तुटलेली नाहीत, मीच एकेकाला लांब केलं. का केलं, तेच तर सांगायला बसलेय — आणि बघा, फ्लॅट आणि वाट्या सांगत बसले. ताकाला जाऊन भांडं लपवायची माझी सवय जुनीच आहे.

आधी माझं काम सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमचा कारखाना खाण्यात घालायच्या वस्तू बनवायचा. म्हणजे पदार्थ नव्हे — पदार्थाला रंग यावा, तो घट्ट व्हावा, टिकावा, स्वच्छ दिसावा म्हणून त्यात चिमूटभर जे घालतात ते. अशी नवी वस्तू बाजारात आणायची तर ती सुरक्षित आहे असं दिल्लीच्या खात्यानं मान्य करावं लागतं. त्या मान्यतेसाठी जी फाइल जाते, ती तयार करणाऱ्या चार माणसांतली मी एक. बीएस्सी केलं होतं, अक्षर चांगलं होतं, आणि गावाकडची भाषा येत होती. या तिसऱ्या गोष्टीनं सगळा घात केला.

लोकांना वाटतं, तिकडं कुणी पांढऱ्या कोटातला शास्त्रज्ञ ती वस्तू खाऊन बघतो, महिनाभर स्वतःवर लक्ष ठेवतो आणि मग म्हणतो, चालेल. मलाही आधी तसंच वाटायचं. तसं काही नसतं हो. तिकडं कागद जातो. उंदरांवरच्या चाचण्यांचे कागद, माणूस दिवसाला जास्तीत जास्त किती खाईल त्याचा हिशेब, दुसऱ्या देशांत कुठं मान्यता असली तर तिची नक्कल. आणि वस्तू जुनी असेल, लोक पिढ्यान्‌पिढ्या खात आले असतील, तर एक वेगळा भाग — परंपरेनं सेवन. इतकी वर्षं इतक्या लोकांनी खाल्लं आणि कुणाची तक्रार नाही, तर ते सुरक्षित. ऐकायला किती सरळ आहे ना? पण तक्रार नव्हतीच, की कुणी विचारली नाही, की कुणी सांगितली आणि दुसऱ्या कुणी लिहिलीच नाही — हे फाइलीत कसं कळणार? तिन्हींची जागा सारखीच कोरी दिसते.

आमची वस्तू होती एका झाडाची साल. इंदापूर-बारामतीच्या बाजूला जुन्या गुऱ्हाळांवर ती वापरत. उसाचा रस काहिलीत उकळायला लागला की वर मळी येते. ती नीट वर यावी आणि झाऱ्यानं काढता यावी म्हणून रसात भेंडीच्या झाडाचं चिकट पाणी घालतात, हे तुम्हाला माहीत असेल. काही गावांत भेंडीच्या जोडीला ही साल कुटून, भिजवून तिचं बुळबुळीत पाणी ओतायचे. गूळ सोन्यासारखा पिवळा व्हायचा. पुढं गुळाला रंग आणणारी रासायनिक पावडर आली आणि साल मागं पडली. आमच्या साहेबांनी ती शोधून काढली, तिची भुकटी केली, आणि म्हणाले, रसायन बंद, आता झाडाची साल. चांगलंच काम होतं ते. हे मी माझ्या बचावासाठी सांगत नाही, चांगल्या कामातसुद्धा मी काय केलं ते कळावं म्हणून सांगते.

झाडाचं नाव मात्र मी इथं लिहिणार नाही. नाव लिहायची हिंमत नाही. घ्या, एक कबुली इथंच झाली.

साहेब स्वभावानं वाईट नव्हते. त्यांनी मला एवढंच सांगितलं, की शालनताई, म्हाताऱ्या माणसांची लेखी निवेदनं आणा, ज्यांनी हा गूळ आयुष्यभर खाल्लाय त्यांची. इतिहास स्वच्छ असला की पुढच्या बऱ्याच चाचण्या मागत नाहीत. नाहीतर उंदरांच्या पोटुशा माद्या, पिल्लांना पाजणाऱ्या माद्या, एकेक चाचणी वाढत जाते, दोन-तीन वर्षं जातात. हे ते सहज म्हणाले, चहा पिता पिता. इतिहास स्वच्छ करून आणा असं ते म्हणाले नव्हते. असला तर, असं म्हणाले होते. माझ्यावर कुणीही जबरदस्ती केली नव्हती, हे ध्यानात ठेवा.

मग मी गावं फिरले. लोणी भापकर, सोमेश्वरनगरच्या आसपासच्या वस्त्या, आणि बावडा. छापील कागद होता एकपानी. नाव, वय, गाव, किती वर्षं खाता, किती खाता. मग — सेवनामुळे काही त्रास आढळला का? होय की नाही. असल्यास तपशील. त्याखाली चार मोकळ्या ओळी. आणि सगळ्यात खाली, ज्यांना लिहितावाचता येत नाही त्यांच्यासाठी: वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो मला मान्य आहे. मग अंगठा.

बावड्याला माझी आत्या होती. हौसाआत्या, माझ्या वडिलांची थोरली बहीण. आई मी चार वर्षांची असताना गेली, तेव्हापासून दहावीपर्यंत मी आत्याकडंच वाढले. तिनं माझ्या वेण्या घातल्या, मला शाळेत घातलं, माझ्या पहिल्या पाळीला मला गोधडीत घेऊन बसली. आमच्या मागच्या पिढ्या मेंढरं राखणाऱ्या. आत्याच्या सासऱ्यानं मेंढरं विकून थोडं रान घेतलं होतं, आणि हंगामात घरातली सगळी माणसं गुऱ्हाळावर कामाला जायची. साल कुटायचं काम बायकांचं. आत्यानं ती किती कुटली असेल, तिचं तिलाच ठाऊक. माझ्या निवेदनांमध्ये तिच्यासारखं दुसरं निवेदन मिळणार नव्हतं. मी इंदापूरला उतरून अकलूजची गाडी धरली ती खुशीतच. आत्याला भेटणं होईल आणि कामही होईल, एका दगडात दोन पक्षी.

जेवणं झाली. तिचा मुलगा नामदेव रानात गेला, सून आणि नात धुणं घेऊन बाहेर गेल्या. मी कागद काढला आणि विचारायला लागले. आत्या हसत होती. म्हणाली, आता तू माझी परीक्षा घेणार व्हय? वय तिनं अंदाजानं सांगितलं. गूळ किती वर्षं खाल्ला — जलमल्यापासनं. किती — चहात, भाकरीसंगं, दसरा-दिवाळीला पोळीत. मी लिहीत गेले. मग मी तो प्रश्न वाचला. हा गूळ खाऊन कधी कुणाला काही त्रास झाला का?

इतर गावांत या प्रश्नाला एकच उत्तर यायचं. न्हाय बा, कसला तरास. पुरुष बसलेले असायचे, त्यांच्यातलाच एखादा आबा किंवा तात्या सगळ्या घरादाराच्या वतीनं बोलून टाकायचा, आणि बाया पदर तोंडाशी धरून माना हलवायच्या. आत्या मात्र उठली, दार लोटून आली, आणि माझ्याजवळ येऊन बसली.

मग तिनं जे सांगितलं, ते असं. हंगामाच्या पहिल्या काहिलीत साल घालत नसत. नुसती भेंडी. त्या काहिलीतली एक ढेप फडक्यात बांधून वेगळी ठेवायची, तिला बाळंतिणीची ढेप म्हणायचे. घरात, भावकीत कुणी बाळंत झाली की तिचे लाडू, तिची खीर, सगळं त्याच ढेपेचं. सालीचा गूळ घरातल्या सगळ्यांनी खायचा, पण अंगावर पाजणाऱ्या बाईनं खायचा नाही. दूध आटतं म्हणून. हे कुणी कुणाला शिकवत नसे, सासू सुनेला सांगे आणि सून पुढं. पुरुषांना तर त्या ढेपेचं नावही माहीत नव्हतं.

आत्या पहिल्या वेळी बाळंत झाली, त्याच महिन्यात तिची नणंदही माहेरी बाळंतपणाला आलेली. ढेप एकच. सासूनं ती लेकीला दिली. आत्या सतरा-अठरा वर्षांची पोर, पोटात नुसती आग पडायची. तिनं चुलीमागच्या डब्यातला गूळ काढून खाल्ला. चोरून. एकदा नाही, रोज. पंधरा दिवसांत दूध कमी झालं आणि महिन्याभरात बंद. शेरडाचं दूध पाजून बघितलं, ते पोरीला पचलं नाही. मुलगी दोन महिन्यांची होऊन गेली. गूळ खाल्ल्याचं आत्यानं कुणालाही सांगितलं नव्हतं, नवऱ्यालासुद्धा नाही. पन्नासेक वर्षं झाली होती त्याला.

"मीच मारली गं तिला," ती म्हणाली. "हे लिव. सरकारला कळू दे. आनी कुना बाईनं खायाला नगं."

आता सांगा, मी काय करायला हवं होतं? चार मोकळ्या ओळी होत्या कागदावर. तेवढ्यासाठीच तर छापलेल्या होत्या त्या. पण माझं डोकं दुसरीकडंच चालायला लागलं. दूध काय, हजार कारणांनी आटतं. सतराव्या वर्षीचं बाळंतपण, अर्धपोटी बाई, सासूचा जाच. त्यात गुळाचा काय संबंध? एका बाईच्या सांगण्याला पुरावा म्हणतात का? हे लिहिलं की त्या पाजणाऱ्या माद्यांची चाचणी आली, दोन-तीन वर्षं गेली, आणि साहेब विचारणार, हात दाखवून अवलक्षण कुणी केलं? तर शालननं. मला तेव्हा कायम करणार होते. नवऱ्याचं दुखणं नुकतंच सुरू झालं होतं — नको. त्याचं नाव मध्ये आणत नाही. त्याला त्या दिवशी साधी सर्दीही झाली असती तरी मी तेच केलं असतं.

मी 'नाही' या शब्दापुढं खूण केली. तपशिलाच्या चार ओळींवर आडवी रेघ मारली. आत्या माझ्या पेनाकडं बघत होती. तिला वाटलं, मी लिहितेय.

आणि मग ती म्हणाली, "वाच बगू. काय लिवलंस?"

इथं थांबता आलं असतं मला. नाही का? काहीही सांगता आलं असतं. कागदात एवढी जागा नाही, वेगळ्या कागदावर घेऊ, असं काहीतरी. पण मी तो कागद हातात धरला, आणि वाचला. कागदावर नव्हतं ते वाचलं. मी, हौसाबाई, राहणार बावडा, तालुका इंदापूर, लिहून देते की, माझ्या पहिल्या बाळंतपणात सदर गूळ सेवन केल्यामुळे माझे दूध आटले व त्यातच माझी कन्या मयत झाली. सबब अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी सदर गूळ खाऊ नये. — अगदी कचेरीच्या भाषेत, एकही अडखळ न येता. बोट रेघेवरून फिरवत वाचलं मी. शाळेत असताना तिला गोष्टीचं पुस्तक वाचून दाखवायचे ना, तसंच.

आत्या रडली नाही. ती इतकी सावरून बसली की मला तिच्याकडं बघवेना. मग म्हणाली, तिचं नाव टाक की त्यात. बारसं झालं होतं बाराव्या दिवशी. चंपा नाव ठेवलं होतं. मी मान हलवली आणि पेन टेकवलं. हात तर हलवायला हवा होता, ती बघत होती. गावाच्या ओळीत थोडी जागा उरली होती, तिथं मी पुन्हा एकदा 'बावडा' लिहिलं.

मग तिनं अंगठा उमटवला. वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो मला मान्य आहे.

हा माझा गुन्हा. झालं सांगून — असं वाटलं होतं लिहायला बसताना. पण तो तिथं संपला नाही.

दुसऱ्या दिवशी मी लोणी भापकरला उरलेली निवेदनं घ्यायला गेले. तिथल्या एका म्हातारीनं तोंड उघडलं, "बाळंतिणीला मातर..." आणि मी पान उलटलं. तिची सही आधीच झाली होती. नंतरच्या एकाही बाईला मी तो प्रश्न पुरुष उठून गेल्यावर विचारला नाही. विचारलं असतं तर काय आलं असतं, हे मला माहीत होतं, म्हणूनच विचारलं नाही. आत्याचं एकटीचं सांगणं म्हणजे पुरावा नव्हे असं म्हणणारी मी, दुसरी साक्ष पुढं आली की कान बंद करत होते.

फाइल गेली. परंपरेनं सेवन — प्रतिकूल परिणामाची नोंद नाही. असं वाक्य मीच लिहिलं, सुवाच्य अक्षरात, मग ते टाइप झालं. आणि वाक्य खोटंही नव्हतं बघा. नोंद नव्हतीच. पुढं मान्यता आली, कारखान्यात पेढे वाटले, मी कायम झाले. भुकटी गुऱ्हाळांवर गेली, तो गूळ पुड्यांतून दुकानात आला, गुळाच्या चहाच्या टपऱ्यांवर आला. पुड्यावर झाडाच्या पानाचं हिरवं चित्र असतं. लोकांनी जुनी साल उचलली, पण तिच्याबरोबर जी एक ढेप बाजूला ठेवत होते, ती मागंच राहिली. ती मी मागं ठेवली.

आत्या मात्र गल्लीत सांगत सुटली होती, की माझं बोलणं सरकारात गेलंय. माझ्या शालीनं लिहून नेलं. लोक तिची थट्टा करायचे, काय हौसाबाई, सरकारचं काय पत्र आलं का? ती हसून म्हणायची, त्येंचं त्येनी वाचलं म्हंजी झालं. मी गेले की हेच बोलणं निघायचं. मग मी जाणंच कमी केलं. दिवाळीला जायचे, तेही सकाळी जाऊन दुपारच्या गाडीनं परत. ती फोनवर म्हणायची, का गं, बारामतीला जाऊन मोठी झालीस व्हय? मी म्हणायचे, काम असतं आत्या. ज्या एका माणसानं मला वाढवलं त्याच्या समोर बसणं मला जमेना. नवरा गेला तेव्हा ती चार दिवस राहायला आली होती. चौथ्या दिवशी मीच तिला गाडीत बसवून दिलं. रिकाम्या घरात परत आले तेव्हा बरं वाटलं मला. इतकी वाईट वेळ आपल्यावर कशानं यावी?

तीन वर्षांपूर्वी नामदेवची मुलगी ऋतुजा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. तिला सोमेश्वरनगरला दिलीय. मुलगा झाला. पाचवीला मी गेले, जावंच लागलं. आत्या स्वयंपाकघरात लाडवांची तयारी करत होती. डिंक तळून ठेवला होता, खोबरं भाजलं होतं, आणि समोर गुळाचा पुडा होता. नामदेवनं इंदापुरातून आणलेला. घरात आजवर जेवढी बाळंतपणं झाली, तेवढ्यांसाठी आत्यानं कुठून कुठून नुसत्या भेंडीचा गूळ मागवला होता. आता तसा मिळेना. तिनं पुडा माझ्यापुढं सरकवला आणि म्हणाली, वाच, काय लिहिलंय.

मी वाचलं. या वेळी लिहिलं होतं तेच वाचलं.

ती म्हणाली, "म्हंजी ही आपलीच साल की." मी म्हणाले, व्हय. मग तिनं विचारलं, "सरकारनं चालतंय म्हणून सांगितलंय?" मी म्हणाले, व्हय. तिनं पुडा हातात घेऊन हिरव्या पानावरून अंगठा फिरवला. तिच्या तोंडावर काहीतरी बदलत गेलं. आधी मला कळलं नाही. मग कळलं.

"माझं समदं वाचून चालतंय म्हणत्यात," ती म्हणाली. "मोठी शिकलेली मानसं. त्येनी तपासलंच असंल. म्हंजी शाले, माझी चंपी त्या गुळानं न्हाय गेली."

आणि तिनं पदर डोळ्यांना लावला. लई वझं उतरलं गं, म्हणाली. उगंच जलमभर जळत बसले. तू लिवून नेलंस म्हणून बरं झालं.

सांगायची वेळ होती ती. मला ते पक्कं कळत होतं. तिला सांगितलं तर तिचं उतरलेलं ओझं पुन्हा तिच्या डोक्यावर ठेवायचं, आणि न सांगितलं तर गूळ ऋतुजाच्या पोटात जाणार. पण तेवढंही अवघड नव्हतं हो! साखर घाल, खारीक घाल, या गुळाचा वास मला बरा वाटत नाही — असलं खोटं बोलायला काय जात होतं माझं? खोटं बोलण्यात मी काय नवखी होते? पण मी बसून राहिले. वाटलं, आपण काही बोललो तर ती विचारेल, का? आणि मग ती एकेक प्रश्न विचारत त्या कागदापर्यंत येईल. आत्यानं पुडा फोडला. मीच तिला परात धरली.

महिन्याभरानं ऋतुजाचं दूध कमी झालं. डॉक्टरनं सांगितलं, होतं असं एखादीला, पावडरचा डबा सुरू करा. बाळ डब्यावर वाढलं, गुटगुटीत आहे, पळत असतं. म्हणजे गुळानंच आटलं का? मला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही, कारण माहीत करून घ्यायची जी चाचणी होती, ती मी होऊ दिली नाही. आत्या बिचारी ऋतुजालाच बोलायची. मोबाइल बघत बसतेस, जेवत नाहीस, मग दूध कुठनं येणार. जिनं सगळ्यात आधी ओळखलं असतं, तिच्याच मनातला संशय मी पुसून टाकला होता.

त्या दिवसांत एकदा मी गेले होते. ऋतुजा बाटली धुवत होती. माझ्याकडं न बघताच तिनं विचारलं, शालनआत्या, तुम्ही शिकलेल्या आहात, खरं सांगा, माझ्यातच काही कमी आहे का? मी तिला म्हणाले, असतं गं एखादीचं अंग तसं. तिनं मान हलवली. पटलं तिला. तिच्या आजीनंही पन्नास वर्षं स्वतःलाच धरलं होतं, पण निदान गूळ तरी खाल्ला होता म्हणून. या पोरीला मी तेवढंही कारण ठेवलं नाही, नुसतं तिचं अंगच तिच्या हातात दिलं.

आत्या गेल्या वर्षी गेली. झोपेत गेली, शांत. नामदेव म्हणाला, अलीकडं लई हसतमुख राहायची. मी मातीला गेले आणि दिवस होईपर्यंत राहिलेही नाही.

त्या कागदाची एक प्रत माझ्या कपाटात आहे. नोकरी सोडताना आणली. कशासाठी आणली, मला सांगता येत नाही. मी तिकडं खात्याला लिहिलेलं नाही, साहेबांना सांगितलेलं नाही. आत्यापाशी बोलायचं राहून गेलं असं तरी कसं म्हणू — राहून गेलं नाही, मी राहू दिलं. आणि ऋतुजा तर आहे. तिचा नंबर माझ्या फोनमध्ये आहे. तिला सांगायचं ते तुम्हाला सांगत बसलेय.

तिला पुन्हा दिवस गेलेत. परवा फोन आला होता. आता सातवा लागलाय, तब्येत चांगली आहे, म्हणाली. मग हसून म्हणाली, शालनआत्या, या वेळी मी शहाणी झालेय, दुधाच्या पावडरचे दोन डबे आधीच आणून ठेवलेत. माझ्या अंगाला दूध नाही ते माहीतच आहे आता, उगंच लेकराला चोखायला लावून उपाशी कशाला ठेवायचं? मी पाजणारच नाही.

मी म्हणाले, बरं केलंस.